गीझर ५० वर, पाणी ७१ अंश: हा घोळ दर हिवाळ्यात का होतो

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमच्याकडचा त्रास हाच की वेगळा ते लगेच कळेल. दिवाळी संपली की घरात कुरकुर सुरू होते, "पाणी तापतच नाही." कुणीतरी स्टुलावर चढून गीझरचा नॉब पुढे सरकवतं. मग चार दिवस पाणी असं कढत येतं की मग्यात बोट घालवत नाही. कुणाला तरी चटका बसतो, नॉब मागे येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा "पाणी तापतच नाही." आमच्याकडे हे तीन हिवाळे चाललं. दर वेळी मेकॅनिक आला, गीझर उघडला, वाटीभर पांढरे खडे काढून दाखवले, पैसे घेतले आणि जाताना नॉब फुल करून गेला.

आम्ही पुण्यात वाघोलीला राहतो. वापरायला बोअर, तो आटला की टँकर. नव्या बादलीला महिन्याभरात पांढरी किनार धरते, यावरून पाणी किती जड ते समजा. दोन बाथरूमच्या मधल्या भिंतीवर २५ लिटरचा, २ किलोवॉटचा उभा गीझर आहे आणि त्यातूनच दोन्हीकडे लाइन गेली आहे.

गेल्या जानेवारीत सासऱ्यांचा पाय भाजला. त्यांना वीस वर्षं मधुमेह, तळपायांना जाणीव कमी. बादलीत कढत पाणी सोडलं होतं, वर विसण घालायचं राहिलं होतं, तेवढ्यात ते पाटावर बसले आणि पाय शेकायला म्हणून बादलीत सोडला. ओरडलेसुद्धा नाहीत. संध्याकाळी मोजा काढताना सासूबाईंना फोड दिसले. (असं झालं तर ताबडतोब २० मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूप नाही, आणि मधुमेही माणसाचा पाय असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आम्हाला कळायलाच संध्याकाळ झाली.)

नॉब त्या दिवशी ५० वर होता. मीच ठेवला होता, म्हणून मला पक्कं माहीत आहे.

पाणी मोजायचं कसं

तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो ४२-४३ च्या पुढे जातच नाही. काचेचा पाऱ्याचा असेल तर कढत पाण्यात फुटेल, आणि मग पारा वेचत बसावं लागेल. स्वयंपाकघरात वापरतात तो लांब सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. आधी घरात उकळत्या पाण्यात बुडवून बघा. पुण्याच्या उंचीला ९८ च्या आसपास दाखवला की तो विश्वासू.

गीझर लावा आणि दिवा आपोआप विझेपर्यंत थांबा. अर्ध्यात बंद करून मोजलं तर काहीच कळत नाही. दिवा विझल्यावर फक्त गरम नळ सोडा, पाइपात साचलेलं गार पाणी जाऊ द्या, मग स्टीलच्या तांब्यात पाणी घेऊन लगेच सळई बुडवा. आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन्ही दिवस साधारण सारखाच आला तर तो तुमच्या गीझरचा खरा आकडा.

आमचा आला ७१. दुसऱ्या दिवशी ७०. नॉबवर ५०.

७१ आणि ५० मधला फरक नुसता "जरा जास्त गरम" असा नाही. त्वचा किती वेळात भाजते यावरचे मूळ प्रयोग मोरित्झ आणि हेन्रिकेस या दोघांनी १९४७ साली प्रसिद्ध केले. पुढे सुरक्षेची जी कोष्टकं छापली जाऊ लागली त्यांच्या मुळाशी तेच काम आहे. मोठ्या माणसाची त्वचा ४९ अंशांच्या पाण्यात खोल भाजायला ५ मिनिटांच्या आसपास लागतात. ५४ ला अर्धा मिनिट. ६० ला ५-६ सेकंद. ६६ ला २ सेकंद. म्हणजे आकडा पाच-सहाने वाढला की सुटकेचा वेळ तीनपट ते दहापट आटतो. लहान मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची कातडी पातळ, त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. ज्याला चटका जाणवतच नाही त्याचं तर काय बोलायचं.

मग नॉब खोटं का बोलत होता

याचं उत्तर मेकॅनिक खालचं कव्हर काढत असताना मी शेजारी टॉर्च धरून उभी राहिले तेव्हा मिळालं. तुम्हीही उभे राहा. हे काम स्वतः करू नका म्हणते, पण बघा जरूर. आणि कव्हर निघण्याआधी भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, गीझरचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डातला त्याचा खटका, खाली पाडायचा आणि टेस्टर लावून खात्री करायची.

नॉबच्या मागे थर्मोस्टॅटची डबी असते. तिच्यातून केसासारखी बारीक नळी निघते आणि टोकाला पेन्सिलीसारखा तांब्याचा बल्ब असतो. त्यात द्रव भरलेला असतो, तो तापला की फुगतो, डबीतला पडदा ढकलतो आणि वीज तोडतो. हा बल्ब टाकीत घुसवलेल्या एका बंद नळीत पूर्ण आत, टोकापर्यंत बसलेला हवा. (काही मॉडेलांत नळीऐवजी सरळ दांडीच असते, तिचंही तेच.) आमच्याकडे तो चार बोटं बाहेर लोंबत होता. आदल्या वर्षी क्षार काढायला सगळं उघडलं, परत बसवताना बल्ब अर्धाच सरकवला आणि कव्हर लावून टाकलं. अर्धा बल्ब टाकीतल्या पाण्याची खबर देत होता, अर्धा कव्हरमधल्या हवेची. डबीला वाटत होतं पाणी अजून ५० व्हायचंय, आणि टाकीत ते कधीच सत्तरीला पोचलेलं.

त्यात भर म्हणजे टाकीच्या तळाशी, नेमका तो बल्ब असतो तिथेच, क्षाराचा गाळ बसलेला. त्यामुळे बल्बाला वर्दी उशिरा पोचते. २ किलोवॉटची कॉइल २५ लिटर पाणी मिनिटाला साधारण १.१ ते १.२ अंशांनी तापवते, म्हणजे ५ मिनिटांचा उशीर झाला तरी ६ अंश जास्त.

दर वर्षी तेच का होतं, हेही इथेच उलगडलं. पाणी जितकं जास्त तापतं तितका त्यातला क्षार जास्त सुटतो. नॉब फुल ठेवला की खडे भराभर साचतात. खडे साचले की गीझर उघडावा लागतो. उघडला की बल्ब हलतो. बल्ब हलला की पाणी आणखी तापतं. मेकॅनिकला दोष देण्यात अर्थ नाही. दोन माळ्यांवर आणखी चार गीझर वाट बघत असतात, आणि "बल्ब शेवटपर्यंत गेला का?" असं त्याला कुणी विचारत नाही.

जाता जाता एक गैरसमज. क्षाराचा थर चढला की कॉइल "कमी तापवते", असं सगळे सांगतात. कॉइलमध्ये जाणारी वीज उष्णता होऊन शेवटी पाण्यातच उतरते, तिला दुसरीकडे जायला वाटच नाही. थरामुळे कॉइल स्वतः मात्र आतून भयंकर तापते आणि एक दिवस फुटते. क्षार काढायचा तो या कारणासाठी.

बल्ब नीट बसवून, गाळ काढून पुन्हा मोजलं. नॉब ५० वर, पाणी ५३. इतका फरक चालतो.

तरीही "पाणी तापत नाही"

गंमत म्हणजे त्यानंतर आठवड्याभरात मुलाच्या बाथरूममधून तीच हाक आली. मोजलं, तर गरम नळाला ३६ अंश. आणि सासऱ्यांच्या बाथरूममध्ये त्याच वेळी ५२. एकाच टाकीतलं पाणी दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं कसं? इथे थर्मोस्टॅटचा काही संबंध नाही, गार पाणी गरम लाइनीत घुसतंय हे उघड आहे.

याची तपासणी सोपी आहे आणि पैसा लागत नाही. गीझर बंद करा. गीझरला गार पाणी आणणारा अँगल कॉक बंद करा. आता बाथरूममधला फक्त गरम नळ सोडा. थोडं पाणी येऊन धार थांबली तर सगळं ठीक. धार चालूच राहिली, तर ते पाणी गीझरमधून येत नाहीये. कुठल्यातरी मिक्सरमधून गार लाइनीतलं पाणी उलटं येतंय.

आमचा गुन्हेगार हँडशॉवर निघाला. त्याच्या मुठीवर बटण आहे, सोडलं की पाणी थांबतं. त्यामुळे खालचे गरम आणि गार दोन्ही नळ उघडेच राहायचे. दोन्ही नळ उघडे आणि पुढचं तोंड बंद, म्हणजे मिक्सरच्या पोटात गार आणि गरम लाइन थेट जोडलेली. गार लाइनीला पंपाचा दाब जास्त, ती दिवसभर गरम लाइनीत घुसत बसायची. नळ बंद करायची सवय लावली आणि तक्रार त्याच दिवशी मिटली. ज्यांच्याकडे एकाच दांडीचा मिक्सर आहे त्यांच्याकडे आतलं कार्ट्रिज झिजूनही हेच होतं, ते बदलावं लागतं.

तीन हिवाळे आम्ही या हँडशॉवरवर नॉब फिरवून इलाज करत होतो.

दुसरं कारण म्हणजे पाणी पुरत नाही, आणि त्यालाच लोक तापत नाही म्हणतात. हिशेब करून बघू. गार पाणी २० अंश, अंघोळीला ४० अंश धरू. २५ लिटरची टाकी ५० वर असेल तर विसण मिसळून ३७ लिटर पाणी होतं, म्हणजे दोन बादल्याही नाहीत. ६० वर असेल तर ५० लिटर, अडीच बादल्या. ७५ वर जवळजवळ ६९ लिटर. (हे कागदावरचं. प्रत्यक्षात खालून गार पाणी आत येत राहतं, त्यामुळे थोडं कमीच.) चौघांच्या घरात तिसऱ्याला कोमट आणि चौथ्याला गार पाणी मिळतं आणि तो नॉब फुल करतो. त्याऐवजी दोन अंघोळींनंतर २० मिनिटं थांबा, नाहीतर शॉवर सोडून बादली घ्या. आमच्याकडे चौथा नंबर माझाच असतो, म्हणून अधिकाराने सांगते.

मग ठेवायचं कितीवर

इथे एक अडचण आहे. चटक्याच्या भीतीने सरळ ४०-४५ वर ठेवावं असं वाटतं. पण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. १९७६ साली फिलाडेल्फियात एका हॉटेलात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं संमेलन झालं आणि त्यानंतर न्यूमोनियाची साथ आली, त्यावरून हे नाव पडलं. पाणी पिऊन नव्हे, तर शॉवरचे बारीक तुषार श्वासात जाऊन हा आजार होतो. ६० अंशांना हे जिवाणू काही मिनिटांत मरू लागतात, ५० ला काही तास लागतात. रोज तापवून रोज उपसणाऱ्या घरात पाणी फारसं साचत नाही. गावाला जाऊन महिन्याने परतल्यावर मात्र टाकीतलं पाणी कोमट करून थेट शॉवरखाली उभं राहू नये.

म्हणजे टाकीत ६० हवं आणि अंगावर ६० नको. हे एका नॉबने जमणार नाही, दोन वेगळे आकडे धरावे लागतात. माझी चुलतबहीण मेलबर्नला आहे. तिकडच्या नियमात साठवण्याच्या टाकीत ६० आणि बाथरूमच्या नळाला ५० च्या वर नाही, हे दोन्ही एकत्रच येतं. मध्ये मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो, तो गरमात आपोआप गार मिसळतो.

आम्ही तसाच थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह फक्त सासऱ्यांच्या बाथरूमच्या लाइनीवर बसवला आणि ४३ वर लावला. घेताना दोन गोष्टी बघा. गरम आणि गार लाइनींचा दाब साधारण सारखा लागतो. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना दाब कमी पडू शकतो, तेव्हा व्हॉल्व्हवर लिहिलेला किमान दाब आधी विचारा. आणि जड पाणी असेल तर जाळी असलेलाच घ्या, आमची जाळी दर दोन-तीन महिन्यांनी धुवावी लागते.

हा खर्च नको असेल तर मोजून ५० वर ठेवा, नॉबवरचे ५० नव्हे, तांब्यातले. आठवड्यातून एकदा ६० पर्यंत तापवा, दिवा विझल्यावर तासभर तसंच राहू द्या आणि मग सगळे गरम नळ थोडे थोडे सोडा. त्या दिवशी बाथरूमला आतून नव्हे, बाहेरून कडी लावून ठेवते मी.

आणि बादलीत आधी गार, मग गरम. सासूबाईंशी यावर माझा वाद झाला. त्यांच्या लहानपणी तांब्याच्या बंबातलं कढत पाणी घंगाळात काढायचं, वरून विसण घालायचं, हात घालून बघायचं. विसण हा शब्दच असा की कढत पाणी आधी आलेलं आहे हे तो गृहीत धरतो. मी म्हटलं, "आई, बंबापाशी कुणीतरी उभं असायचं. बाबा बाथरूममध्ये एकटे असतात." त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच बादलीत आत, अर्ध्याच्या खाली, नेलपॉलिशने रेघ मारली: इथपर्यंत गार.

याच दुखण्याची भावंडं

गीझर तापताना त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बारक्या नळीतून पाणी ठिबकतं, ही बिघाडाची खूण नाही. २५ लिटर पाणी २० वरून ६० ला गेलं की मोठ्या पेल्याएवढं, जवळजवळ ४०० मिलिलिटर फुगतं, ते कुठेतरी जायला हवं. ती नळी बुच मारून बंद करायची नाही. एकाने आमच्याकडे "लावून टाकतो एक प्लग" म्हणून सांगितलं होतं. त्याला चहा पाजून परत पाठवला. गीझर बंद असतानाही धार लागलेली असेल तर मात्र व्हॉल्व्ह बदलायला झाला आहे.

दिवा तास झाला तरी विझत नाही, किंवा गीझर अचानक मेल्यासारखा होतो आणि कव्हरखालचं बारीक बटण दाबलं की पुन्हा सुरू होतो, तर ते बटण कटआउटचं आहे. थर्मोस्टॅट चिकटला आणि पाणी हाताबाहेर तापलं म्हणून त्याने वीज तोडली. एकदा दाबलंत ते ठीक. दुसऱ्यांदा तेच झालं तर बटण दाबू नका, थर्मोस्टॅट बदला.

सोसायटीचं सोलर असेल तर नॉब नावाची वस्तूच नसते. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पाणी वापरणारे कमी आणि ऊन भरपूर, तेव्हा सकाळच्या नळाला ७०-७५ सुद्धा येऊ शकतं. उन्हाळ्यात गरम नळाकडे कुणाचं लक्ष नसतं, मुलं हात धुवायला तोच सोडतात. तिथे मिक्सिंग व्हॉल्व्ह गच्चीवरच्या मुख्य लाइनीला बसवायचा असतो आणि तो विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढावा लागतो. त्यासाठी शुभेच्छा.

गॅस गीझरमध्ये पाण्याची धार बारीक केली की तापमान चढतं, म्हणून नळ पूर्ण सोडूनच ज्योत कमी-जास्त करा. तो बंद बाथरूमच्या आत मुळीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी जातो.

आता आमच्याकडे गीझरच्या बाजूला टाइलवर मार्करने तारीख आणि आकडा लिहिलेला असतो. जानेवारी ५३, एप्रिल ५४, ऑगस्ट ५४. मिक्सिंग व्हॉल्व्ह लागल्यावर टाकी ६० वर नेली, तेव्हापासून ६०, ६१. मुलाला पाच सेकंदांचं कोष्टक तोंडपाठ आहे. ऑक्टोबरमध्ये क्षार काढला तेव्हा बल्ब टोकाला टेकल्याचं मी स्वतः टॉर्च लावून बघितलं.

राहता राहिले पाहुणे. दिवाळीला नणंदेकडची मंडळी आली आणि पहिल्याच सकाळी कुणीतरी स्टूल ओढल्याचा आवाज आला. नॉब नुसता ओढला की दांडीवरून निघतो. तो सध्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणात आहे.